काय सोडलंय ते सांगू नका

लातूर असो, बीड असो की परभणी, लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं भांडं घेऊन आला की हल्ली दर दुसरा-तिसरा माणूस ताटावर आडवा हात धरतो. 'भात सोडलाय.' शेजारी बसलेला लगेच म्हणतो, 'मी तर साखरबी सोडली.' तिसऱ्यानं रात्रीचं जेवण सोडलेलं असतं, चौथ्यानं बटाटा. हे सगळं बोलणं चालू असताना पुरीचं टोपलं फिरत असतं आणि त्याला मात्र कुणी हात आडवा धरत नाही, कारण पुरी सोडलेली नाही. बुंदीचंही तेच. माणूस काय खातो हे विचारायची सोय राहिलेली नाही. काय सोडलंय ते तो न विचारताच सांगतो.

आपल्याकडे सोडण्याला मोठा मान आहे. काशीला जाऊन आलेली माणसं एखादं फळ, एखादी भाजी कायमची सोडून येतात. गळ्यात माळ आली की मांस-मच्छी सुटते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सुटतं. त्या सोडण्याला अर्थ आहे, ते मनाच्या निग्रहासाठी असतं आणि तिथं ते शोभतं. पण तीच रीत आपण वजनाला लावली. डाएट म्हणजे व्रत झालं. व्रतात एकतर ते पाळायचं असतं, नाहीतर ते मोडतं; मधलं काही नसतं. मग एखाद्या दिवशी घासभर भात पोटात गेला की 'मोडलंच आहे तर मोडू दे' म्हणत पातेलं रिकामं होतं, आणि ठरवलेले तीन महिने संपले की उद्यापन केल्यासारखं सगळं पुन्हा सुरू होतं. वजन काही व्रताला प्रसन्न होत नाही. ते फक्त हिशोब बघतं.

याबद्दल लोकांना अडाणी ठरवणं फार सोपं आहे आणि शिकलेली मंडळी ते करतातही. मला ते पटत नाही. डाएटबद्दलचे बहुतेक गैरसमज लोकांनी स्वतःहून तयार केलेले नाहीत. सांगणाऱ्यांच्या बोलण्याच्या पद्धतीतून ते आले आहेत. ओपीडीत पन्नास पेशंट रांगेत असताना डॉक्टर म्हणतात, 'भात बंद, गोड बंद, तेलकट बंद.' जिमवाला म्हणतो, 'पोळी बंद, अंडी चालू.' मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणतो, 'हे पाच पदार्थ आजच बंद करा.' किती, कुणी आणि कशाच्या जागी काय, हे कुणी सांगत नाही. सगळा सल्ला 'बंद' आणि 'चालू' या दोन बटणांवर चालतो. ऐकणाऱ्यानं त्यातून व्रत काढलं तर दोष त्याचा एकट्याचा कसा?

आपल्या भागातलं सगळ्यात लाडकं उदाहरण ज्वारीच्या भाकरीचं. 'पोळी सोडा, भाकरी धरा, वजन उतरतं' हे वाक्य मराठवाड्यात इतकं पाठ झालंय की त्यावर शंका घेणं म्हणजे मातीशी बेइमानी वाटते. मी शंका घेतो, आणि भाकरी आवडीनं खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी आहेत आणि १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ३२०. प्रथिनं दोन्हींत दहा ग्रॅमच्या आसपास. तंतू दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम, तेही गव्हाचं पीठ कोंड्यासकट असलं तर. चाळून कोंडा काढला की गव्हाची बाजू पडते, हे खरं. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही, हेही खरं; पण ज्याला गव्हाचा त्रास नाही त्याच्या वजनाशी ग्लुटेनचा काही संबंध नाही.

आता ताटात बघा. घरची पोळी झाली तर चाळीस ग्रॅम पिठाची. आपल्याकडची हातावर, परातीत थापलेली, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी चांगली ताटाएवढी असते. तिला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणजे ज्यानं दोन पोळ्या सोडून दोन भाकरी धरल्या, त्यानं पीठ दुपटीनं वाढवलं. वर भाकरी कोरडी जात नाही, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि चटणीत खड्डा करून कच्चं तेल. चवीला याला तोड नाही. फक्त दोन महिन्यांनी 'भाकरी खाऊनही वजन का हलेना' असं विचारू नये. सल्ला देणाऱ्यानं 'अर्धी भाकरी आणि दोन वाट्या घट्ट वरण' एवढं म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ज्वारीची बाजू भक्कम आहे. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, कडबा जनावरांना होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण दिला. ही सगळी कारणं ज्वारी खायला पुरेशी आहेत. तिच्यावर वजन उतरवण्याची खोटी जबाबदारी टाकायचं कारण नाही. आणि एक गोष्ट आहाराची पोस्टरं लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चांगला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आता गव्हापेक्षा महाग आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून फुकट मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्या बाईचं घर त्या धान्यावर चालतं तिला 'गहू-तांदूळ सोडा' सांगणं म्हणजे फुकटचं सोडून विकतचं आणायला सांगणं. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, नाक मुरडत खाल्लेल्या पिढीला विचारा, धान्य सोडणं ही चैन कुणाला परवडते ते. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना भात सणासुदीलाच दिसायचा. तो आता रोज दिसायला लागला, तर डॉक्टर म्हणतात बंद.

उपवासाचं तर काय सांगावं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, दोन एकादश्या. देवासाठी केलेल्या उपवासाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'उपवासानं वजनही आटोक्यात राहतं' हे जेव्हा जोडून सांगितलं जातं तेव्हा बशीत काय आहे ते बघावंच लागतं. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप किंवा तेल, चार फोडी बटाटा. मध्यम बशी झाली. कॅलरी सहाशेच्या घरात. एक भाकरी, वाटीभर वरण आणि माफक तेलाची भाजी पाचशेच्या आसपास जाते. त्या जेवणात पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात. खिचडीत जी सात-आठ मिळतात ती दाण्याच्या कुटाची, साबुदाण्यात तर ती नावालाही नाहीत. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. भगर आणि दाण्याची आमटी त्यापेक्षा पुष्कळ बरी. तरी खिचडी खाल्लेल्या माणसाला आपण काहीच न खाल्ल्याचं समाधान असतं, म्हणून दुपारी केळ्याचे वेफर, रात्री उपवासाची भेळ. भूकही मारली जात नाही आणि मोजलंही जात नाही.

गूळ, मध आणि तूप यांच्याबद्दल दोन ओळी पुरेत. गूळ म्हणजे साखरच, जरा रंगीत. शंभर ग्रॅममागे कॅलरींत फरक नगण्य. सकाळी गरम पाण्यात मध घेतल्यानं चरबी वितळत नाही, पाणी तेवढं गोड होतं. तूप गावरान असलं तरी ग्रॅमला नऊ कॅलरी देतं आणि पामतेलही नऊच देतं. तूप चांगलं की वाईट हा वाद करत बसण्यापेक्षा एक चमचा की चार, हा प्रश्न विचारावा.

लातूरला या विषयात एक वेगळं स्थान आहे. दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, मध्ये काही खाऊ नका, हा विचार महाराष्ट्रभर पोचवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. हा विचार मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं ते स्वतः सांगतात. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं पण वारंवार खा, घरचं खा, तूप खा असं सांगत होत्या. २०१८च्या आसपास आपल्या घराघरांत यावरून तट पडले होते. जेवायला गेलं की आधी 'तुम्ही कुणाचे?' हे ठरायचं. माझं मत दोन्ही तटांना आवडणार नाही. दोन्हींनी काहींचं वजन उतरलं आणि दोन्हींनी काहींचं उतरलं नाही, कारण वेळा बदलल्या तरी एकूण खाणं काहींचं कमी झालं, काहींचं नाही. ज्याचं मधलं चहा-बिस्कीट, भजी, फरसाण बंद झालं त्याला दोन जेवणांचा फायदा झाला. ज्यानं ५५ मिनिटं म्हणजे ५५ मिनिटं खायची मुभा समजली, त्याला झाला नाही.

मोठ्या चाचण्याही याच बाजूला झुकतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला सहाशेच्यावर लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. एका गटानं चरबी कमी खाल्ली, दुसऱ्यानं पिष्टमय पदार्थ कमी खाल्ले. २०१८ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोनं घटलेलं होतं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लोकांवरची चाचणी २०२२ मध्ये आली: सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या, पण निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्लं. वर्षअखेर वेळेच्या बंधनाचा वेगळा म्हणावा असा फायदा दिसला नाही. म्हणजे दोन वेळा खायचं की सहा, भात सोडायचा की तेल, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर सोडायला हरकत नाही. ज्याला जे वर्षानुवर्षं निभावतं ते त्याचं.

यात एक जागा मात्र जिवावर बेतणारी आहे. साखरेचा रुग्ण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतो. शेजाऱ्याचं वजन उतरलेलं बघून तो एक दिवस आपल्या मनानं रात्रीचं जेवण सोडतो, गोळी मात्र नेहमीची घेतो. मध्यरात्री दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना वाटतं बीपी वाढलं. साखर पार खाली गेलेली असते. हा कुठल्याही एका पद्धतीचा दोष नाही. 'जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांना विचारा' हे अर्धं वाक्य एकानं दुसऱ्याला सांगताना गळून गेलं, त्याचा आहे. सोडण्याचा सल्ला झपाट्यानं पसरतो, अटी मागं राहतात.

बसस्टँडबाहेरच्या खांबावर चिकटवलेल्या जाहिराती तर अटींचं नावच काढत नाहीत. 'आठ दिवसांत पाच किलो, गॅरंटीनं.' किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. पाच किलो म्हणजे ३८,५०० झाल्या. ज्याला रोज दोन हजार लागतात त्यानं पाण्याशिवाय काहीही न घेता एकोणीस दिवस काढले तर हा हिशोब बसतो. तरी आठवड्यात काटा तीन-चार किलो खाली आलेला दिसतो, हे खोटं नसतं. शरीरानं यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा ठेवलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन-एक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की साठा आधी संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. जेवण सुरू झालं की ते परत येतं, तोवर जाहिरातवाल्यानं पैसे घेतलेले असतात.

सकाळी फिरायच्या मैदानाबाहेर दुधी-कारल्याच्या रसाचे स्टॉल लागतात, तिथलंही ऐका. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. कडू निघालेल्या दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू लागलेला दुधीचा रस अजिबात पिऊ नये असं सांगितलं. आता गंमत अशी की त्यात कारलं घातलं की दुधी कडू आहे की कारलं, हे कळायला मार्गच उरत नाही. आपल्या आया-आज्या दुधी चिरताना टोकाची फोड जिभेला लावून बघायच्या आणि कडू लागला तर फेकून द्यायच्या. ती साधी परीक्षा मिक्सरनं पुसून टाकली. कडू म्हणजे गुणकारी, हा समज त्यावर वरताण.

इथवर पोट सुटलेल्यांचं झालं. पण हाच 'बंद'चा सल्ला ज्यांना तो मुळीच लागू नाही त्यांच्या ताटातही जाऊन पडतो, आणि माझा खरा राग तिथं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या निघाल्या, २३ टक्के जास्त वजनाच्या, आणि ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी. हे तिन्ही प्रकार एकाच गल्लीत सापडतात, पुष्कळदा एकाच घरात. सासऱ्याला साखर निघाली म्हणून घरात गूळ, भात, शेंगा, केळी बंद होतात, आणि बेचाळीस किलोची सून, जी सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्याही वाट्याचं ते बंद होतं. वरण तळाला गेलेलं असतं. ती ठेच्याशी भाकरी खाते आणि मैत्रिणींना सांगते, आमच्या घरात सगळ्यांचंच डाएट चालू आहे.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीतली बाई पहाटेपासून फडात वाकलेली असते, मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवते. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत जड काम करणाऱ्या बाईला दिवसाला २७२० कॅलरी लागतात असं म्हटलंय. बैठ्या कामाच्या बाईला १६६०. हजारावर कॅलरींचं अंतर आहे हे. दोघींना एकच पोस्टर कसं चालेल? तरी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एकच असतं: 'आहार कमी करा, वजन कमी करा.'

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घट्ट आहे: बारीक माणसाला साखर-बीपी होत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर उभं आयुष्य काम केलंय. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, बरोबर २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या हातापायांच्या काड्या आणि पोटाचा घडा, ही ठेवण आपण रोज बघतो. तिच्याकडे काटा बघत नाही. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात निघालं, आणि त्याच अभ्यासात जवळजवळ ४० टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं होतं. भारतीयांसाठी मोजमाप साधं आहे: बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९०. त्याला शिंप्याची टेप पुरते. पँटच्या पट्ट्यावरून मोजू नका. पट्टा पोटाच्या खाली उतरलेला असतो आणि मापात आपल्याला फसवतो.

आणि प्रथिनांचं बघा. हा मला आपल्या भागातला सगळ्यात मोठा विनोद वाटतो. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, लातूर-उदगीरच्या डाळमिलांतून तुरीची डाळ देशभर जाते. ज्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात ते सोयाबीन आपण पोत्यानं पिकवतो आणि आडतीवर देतो. २०२५-२६ ला त्याचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, आणि तेवढाही पदरात पडताना मारामार. तोच शेतकरी जिमला जाणाऱ्या पोराला प्रोटीन पावडरचा डबा घेऊन देतो आणि त्यासाठी हजारांच्या नोटा मोजतो. गल्लीत शेकचे क्लबही निघालेत. तिथं सकाळचा नाष्टा सोडून पेलाभर शेक घ्यायचा आणि चार ओळखीचे आणून द्यायचे.

माणसाला किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आपलं फोडणीचं वरण पळीवाढं, पातळ. वाटीत डाळ वीस-पंचवीस ग्रॅम, प्रथिनं पाच. डाळ दुप्पट घट्ट केली आणि दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन दळलं तरी बरीच मजल गाठता येते. फक्त सोयाबीन कच्चं दळू नये. आधी उकडून वाळवून किंवा नीट भाजून घ्यावं, नाहीतर त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. हे कुठल्या पोस्टरवर आहे? तिथं काय सोडा तेवढंच लिहिलेलं असतं. धरायचं काय ते कुणी लिहीत नाही, कारण त्यात कुणाचा धंदा नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मोजूनमापून खाणं शहरातल्या रिकाम्या लोकांचं काम. खेड्यातली बाई कुठं ग्रॅम मोजत बसणार? हा आक्षेप घेणाऱ्यानं खेड्यातलं घर आतून बघितलेलं नाही. पायली, शेर, मापटं, चिपटं यांत वर्षाचं धान्य कुणी बसवलं? कणगीतली ज्वारी अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुरेल की नाही हे जिला बघूनच कळायचं, तिला माप शिकवायचं नसतं. तिला फक्त आकडा तिच्या मापात द्यायचा असतो. कॅलरी सांगू नका, वाटी सांगा, पळी सांगा, महिन्याचा बाजार सांगा.

तेलाचंच घ्या. पोषण संस्थेनं २०२४ साली दोन हजार कॅलरींच्या दिवसाचं जे ताट सुचवलं त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. आता २७ ग्रॅम तेल कुणाच्या घरी मोजतात? पण पाच माणसांच्या घराला हाच आकडा महिन्याला चार किलो पडतो. पंधरा किलोचा डबा त्या हिशोबानं साडेतीन महिने पुरायला हवा. हे वाक्य कुठल्याही बाईला कळतं आणि कुठल्याही किराणा दुकानदाराला तपासता येतं. ज्यांच्याकडे डबा दोन महिन्यांत खडखडतो त्यांनी भात सोडून काहीही होणार नाही. तेल बंद करायचं नाही, वांग्याला तवंग हवाच असेल तर असू दे. भजी महिन्यात चारदा होत असतील तर एकदा करा, म्हणजे तो तवंग हिशोबात बसतो. पूर्वी घाण्यावरचं करडईचं तेल महाग आणि बेताचं असायचं, म्हणून हात आपोआप आखडायचा. पामतेल स्वस्त झालं आणि हात सैल सुटला. आजीची फोडणी अजून आजीच्याच पद्धतीची आहे, पण आजी ती पोटभर कष्टानं जिरवायची हे आपण सोयीनं विसरतो.

हे पोचवायला नवी योजना काढायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम विचारतात आणि टेपनं कंबर मोजून लिहितात. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला पाठवायचं. म्हणजे टेप घरात येते, कंबर मोजली जाते, आकडा लिहिला जातो, आणि बहुतेक घरांत पुढचं बोलणं तिथंच थांबतं. त्याच बैठकीत घरातल्या बाईला तीन प्रश्न विचारता येतील: तेलाचा डबा किती दिवस जातो, डाळ महिन्याला किती किलो लागते, आणि तुमच्या वाट्याला वरण उरतं का? तिसरा प्रश्न पुरुषमाणूस समोर नसताना विचारावा लागेल. आणि हे काम आशाताईंच्या गळ्यात घालायचं असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवावा. त्यांचे पैसे कामागणिक मोजले जातात, प्रश्न मात्र दरवर्षी फुकटात वाढत जातात.